अकरा मिनिटं तोंडी

बाईंच्या दाराच्या चौकटीला, हाताला येईल अशा उंचीवर, तांब्याची एक पट्टी ठोकलेली होती. आत येणाऱ्याने चपला काढायच्या, त्या पट्टीला तळहात लावायचा आणि मगच सीडींच्या खोलीत पाऊल टाकायचं. खडकीतल्या आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना तो देवाधर्माचा प्रकार वाटे. काहीजण पट्टीला हात लावून तो कपाळाला नेत. एका मंगळवारी शेजारच्या काकूंनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. बाईंनी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "अहो, ही देवी नाही. अंगातली वीज उतरवायला आहे."

बाई पूर्वी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होत्या. तिथे स्फोटकांच्या खोलीत शिरण्याआधी असा तांब्याला हात लावावा लागतो, म्हणजे अंगावर साठलेल्या विजेची ठिणगी पडत नाही. नायलॉनची साडी चालत नाही, केसांत आकडा चालत नाही, हातात बांगडी चालत नाही. मुदतीआधीच नोकरी सोडून बाईंनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत सीडींची लायब्ररी काढली, पण सुती साडी, दोऱ्याने बांधलेला अंबाडा आणि तांब्याची पट्टी तशीच राहिली. "बाई, सीडीचा काही स्फोट होत नाही," असं माझे बाबा एकदा हसत म्हणाले. "तुम्ही ही पाहिलेली नाहीत अजून," असं म्हणून बाईंनी एक सीडी त्यांच्या हातात ठेवली. बाबांनी ती घरी आणून लावली आणि अर्ध्यात बंद केली. नंतर आठवडाभर ते त्या गल्लीने गेले नाहीत.

लायब्ररीतले सिनेमे भाषेप्रमाणे किंवा नटांप्रमाणे लावलेले नव्हते. ते कोण मरतं त्याप्रमाणे लावलेले होते. वरच्या फळीवर चिकटवलेली चिठ्ठी होती, 'कोणी मरत नाही'. तिच्याखाली 'एक मरतं', तिच्याखाली 'बरेच मरतात'. तळाच्या फळीवर 'मेल्यासारखे जगतात' असं लिहिलेलं होतं आणि तिथले सिनेमे कोणी नेत नसे. नवीन गिऱ्हाईक घोटाळ्यात पडे. एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, विनोदी कुठेत?" बाई म्हणाल्या, "सगळीकडे आहेत. शोधा."

त्यांच्या घरात दुसरं माणूस मी कधी पाहिलं नाही. आमच्या आईने एकदा भीत भीत विचारलं होतं, "मिस्टर काय करतात?"

"होते. परत केले," बाई म्हणाल्या आणि सीडी पुसत राहिल्या.

सीडी पुसायचीही त्यांची रीत होती. ट्यूबलाइटखाली धरून ती तिरकी करायची, तोंडाची वाफ सोडायची, मऊ फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायची. "आतून बाहेर," त्या म्हणत. "गोल पुसलीस की गेली." प्रत्येक सीडीचं एक कार्ड होतं. त्यावर पेन्सिलीने दोष लिहिलेले असत. 'अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला अडखळते.' 'शेवटच्या गाण्याला आवाज मागे पडतो.' कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात निकाल असे. पास, नापास किंवा दुरुस्तीनंतर पास. चौथा निकाल नव्हता.

आता नियमाबद्दल. पैसे सगळेच देत, पण पैसे दिले म्हणून पुढची सीडी मिळत नसे. आधीच्या सिनेमाची गोष्ट सांगावी लागे. तोंडी, मराठीत आणि उभं राहून. वेळही ठरलेली होती. संध्याकाळी बाई आत कुकर लावत आणि बाहेर येऊन बसत; तिसऱ्या शिट्टीच्या आत गोष्ट संपली पाहिजे. काही लोक चिडून दुसऱ्या लायब्ररीत गेले. जे राहिले ते गोष्ट सांगण्यात इतके तयार झाले की सहाच्या सुमारास पायऱ्यांवर रांग लागे आणि लोक एकमेकांचं ऐकत. कारखान्यातले एक फोरमन युद्धाचे सिनेमे दोन्ही हातांनी सांगत; त्यांच्या वेळी पहिल्या पायरीवर कोणी बसत नसे.

कोणी "मस्त आहे पिक्चर" असं म्हणालं की बाई हात वर करत. "ते तुमचं मत झालं. मत नको. काय झालं ते सांगा."

मला हा नियम म्हणजे शिक्षा होती. मी इंग्रजी शाळेत शिकत होते. घरी मराठी बोलायचे, पण ती 'भूक नाही', 'झाला अभ्यास' आणि 'येते' एवढ्यापुरती. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजूनही गोंधळ होतो. शिवाय मी कुठल्याच भाषेत फारशी बोलत नसे. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायचे, आणि ते गेल्यावर आई विचारायची, "तू होतीस घरी?" पण सिनेमे पाहायचे तर बोलणं भाग होतं. पहिली गोष्ट मी सांगितली ती साधारण अशी: "एक माणूस आहे. तो जातो. मग तो येतो. संपलं."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "पहिली शिट्टीसुद्धा झाली नाही. कुठे जातो?"

"लंडनला."

"कशाला?"

"भावाला मारायला."

"हे तू ठेवून घेणार होतीस?"

पायऱ्यांवरचे लोक हसले. मीही हसले असावे, कारण मला सीडी मिळाली. त्यानंतर दर शनिवारी मी घरी आरशासमोर गोष्टीची तयारी करून जायचे. मराठी शब्द सापडला नाही तर बाई मदत करत नसत. "हाताने दाखव," म्हणत. काही महिन्यांनी मला दुसऱ्या शिट्टीपर्यंत बोलता येऊ लागलं. शाळेत मात्र काही फरक पडला नाही.

नववीत आम्हाला नवीन क्लास टीचर आल्या. त्या हजेरी भराभरा घ्यायच्या. माझं "प्रेझेंट, मिस" त्यांच्यापर्यंत पोचत नसे आणि त्या गैरहजेरी लावत. पहिल्या दिवशी मला वाटलं, उद्या मोठ्याने म्हणू. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. पाच-सहा आठवडे गेले. मग हजेरी कमी असलेल्या मुलांची यादी फळ्यावर लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. पालकांना बोलावणार होते. मी रोज शाळेत जात होते, डबा खाऊन परत येत होते, आणि कागदावर मी महिन्याहून जास्त शाळेत नव्हते. बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी कागदावर विश्वास ठेवला असता. कारखान्यात त्यांचं सगळं काम कागदावरच चाले.

त्या शनिवारी मी बाईंकडे एका जहाजाच्या सिनेमाची गोष्ट सांगत होते. पाऊस होता, पायऱ्यांवर कोणी नव्हतं. मध्येच माझी गाडी घसरली. मी म्हणाले, "मग कॅप्टन सगळ्यांची नावं घेतो. ती हो म्हणते. पण त्याला ऐकू जात नाही. रोज ऐकू जात नाही. मग तिचं नाव यादीत येतं."

बाई म्हणाल्या, "हे जहाजावर नव्हतं."

आत कुकरची शिट्टी झाली. बाई उठल्या, आत जाऊन गॅस बंद करून आल्या आणि भिंतीवर एकट्या खिळ्याला लटकवलेली एक पिशवी त्यांनी काढली. त्या पिशवीत एका सिनेमाच्या दोन सीडी होत्या. तो सिनेमा कुठल्या फळीवर ठेवायचा हे त्यांचं कधी ठरलं नव्हतं म्हणून तो खिळ्यावर होता. लायब्ररीत बाई कधी सिनेमा लावत नसत. त्या दिवशी त्यांनी लावला आणि मला बसायला स्टूल दिलं.

त्या सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिलाय ते ओळखतील. गोष्ट परदेशातल्या एका शाळेतली आहे. तिथे कोणाच्याही लक्षात न राहणारी एक मुलगी असते. ऑफिसच्या चुकीने शाळेच्या स्पीकरवर घोषणा होते की ती वारली. ती तेव्हा बाथरूममध्ये असते. बाहेर येते तर जिने तिला वर्षभर छळलं तीच मुलगी कॉरिडॉरमध्ये तिच्या नावाने रडत असते, आणि सगळे तिचं सांत्वन करत असतात. मुलगी परत बाथरूममध्ये जाते. मग ती शाळेच्या माळ्यावर लपून आपल्याविना चाललेली शाळा बघते. तिच्या नावाचं बक्षीस निघतं, तिच्या नावाने बाक बसवतात, तिच्या सर्वांत जवळची मैत्रीण कोण यावरून मारामारी होते. सिनेमा भयंकर आहे आणि तितकाच हसवतो. बाई हसत नव्हत्या. पेन्सिल हातात धरून तपासनिसासारख्या बघत होत्या.

पहिली सीडी संपते तिथे शाळेत त्या मुलीची शोकसभा भरणार असते. दुसरी सीडी लावल्यावर पडद्यावर नुसते चौकोन आले आणि खर्रखर्र असा आवाज.

"भोकाजवळ चरा आहे," बाई म्हणाल्या. "सुरुवातीची अकरा मिनिटं जातात. तेवढं मी सांगते."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. सभागृह भरलेलं असतं. व्यासपीठावर मुलीचा फोटो, तोही दुसऱ्याच मुलीचा. भाषणं चालू असतात. आणि मागच्या दारातून ती मुलगी आत येते, मधल्या वाटेत उभी राहते आणि म्हणते, मी इथे आहे. शेवटच्या रांगेतली एक बाई वळून म्हणते, अहो जरा हळू, शोकसभा चालू आहे. मुलगी पुन्हा म्हणते. आणखी कोणीतरी तिला बसायला खूण करतं. मग ती तिसऱ्यांदा म्हणते, पोटातून आवाज काढून. भाषणं थांबत नाहीत. पण दाराशी उभा असलेला शाळेचा शिपाई म्हणतो, "हो, दिसतेयस की."

"म्हणून पुढे शिपाई तिला डबा आणून देतो," बाई म्हणाल्या आणि रिमोटने सीडी पुढे नेली. खरंच, पुढच्या दृश्यात शिपाई जिना चढून डबा घेऊन येत होता.

पुढच्या शनिवारी मी बाईंना सांगितलं की सोमवारी हजेरीच्या वेळी मी वर्गात उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस, मी इथे आहे. रोज असते." माझी हजेरी दुरुस्त झाली, यादीतून नाव गेलं. हे मी पहिल्या शिट्टीच्या आत, न अडखळता सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे ट्यूबलाइटखाली सीडी बघतात तसं बघितलं. "पास," म्हणाल्या.

आता कबूल करायला हवं. मी उभी राहिले नव्हते. सोमवारी मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा असताना, मी मिसच्या टेबलावर डस्टरखाली एक चिठ्ठी ठेवली आणि पळाले. हजेरी दुरुस्त झाली ती त्या चिठ्ठीने. पण बाईंनी सांगितलेल्या त्या मुलीनंतर चिठ्ठीची गोष्ट सांगायला मला लाज वाटली. तो 'पास' मी खोटं बोलून मिळवला होता, तोही आयुष्यभर खोट ओळखण्याचंच काम केलेल्या बाईकडून.

पुढे सीडीचा जमाना गेला, लायब्ररी बंद झाली. आम्ही खडकी सोडली. मी आता हडपसरला एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. कामाच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला, "तुझे रिपोर्ट्स फार क्लिअर असतात. कुठे शिकलीस?" मत नको, काय झालं ते सांगा, हे मी त्याला सांगितलं नाही. मीटिंगमध्ये मी अजूनही कॅमेरा बंद ठेवते आणि जे बोलायचं ते चॅटवर लिहिते.

गेल्या वर्षी कळलं की तो सिनेमा ब्लू-रेवर आला आहे. त्याच्यावर जीव टाकणारे लोक जगभर आहेत आणि त्यांनी पैसे गोळा करून मूळ रीळ धुऊनपुसून घेतलं, असं डब्यातल्या पुस्तिकेत लिहिलं होतं. मी डिस्क मागवली, ती चालवायला जुना प्लेअर घेतला आणि एका रविवारी दुपारी पडदे ओढून बसले. पहिल्याच दृश्यात दचकले. मुलीचा स्वेटर हिरवा होता. माझ्या आठवणीत तो तपकिरी होता, कारण बाईंच्या टीव्हीवर सगळंच तपकिरी दिसायचं. ऑफिसच्या टेबलावरचा कागद वाचता येत होता. चूक कशी झाली ते त्यात स्पष्ट दिसत होतं. छळणाऱ्या मुलीच्या गालावर अश्रूंच्या जागी नळाचं पाणी होतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

मग शोकसभा आली. मी मागच्या दाराकडे बघत होते. दार उघडलंच नाही. मुलगी व्यासपीठाच्या पडद्याआड होती. भाषणं चालू असताना पडद्याच्या फटीतून तिचा हात बाहेर येतो आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या केकची बशी चाचपडत शोधतो. हात पुरत नाही. शिपाई ते बघतो, इकडेतिकडे पाहतो आणि बशी बोटभर पुढे सरकवतो. ती आत बसून सगळा केक खाते. अकरा मिनिटांत ती एक शब्द बोलत नाही.

मी डिस्क मागे नेऊन तीनदा बघितलं. मग वाटलं, बाईंना हे दाखवू नये. मग वाटलं, न दाखवणं म्हणजे पुन्हा एक चिठ्ठी ठेवून पळणं. महिनाभर तो डबा कपाटात राहिला. शेवटी एका शनिवारी प्लेअर सॅकमध्ये घालून मी खडकीला गेले.

दार उघडंच होतं. माझा हात आपोआप तांब्याच्या पट्टीकडे गेला.

"सवय राहिली म्हणायची," आतून आवाज आला. बाई वाळल्या होत्या, अंबाडा पांढरा झाला होता, दोरा तोच होता. फळ्या रिकाम्या होत्या. "सीडींचा मुलामा उडाला. सगळ्या नापास. कार्डं तेवढी ठेवलीत," त्या म्हणाल्या. "काय आणलंयस?"

मी डबा दिला. त्यांनी डिस्क काढून ट्यूबलाइटखाली तिरकी केली आणि आतून बाहेर पुसली. एकही डाग नव्हता, तरी पुसली. भाचीने घेऊन दिलेल्या मोठ्या टीव्हीला मी वायर जोडली. त्यांनी कुकर लावला आणि येऊन बसल्या.

"एवढं स्वच्छ कशाला?" पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या. "त्या पोरीच्या कपाळावरच्या पुटकुळ्या मोजता येतात." पण त्या पुढे सरकून बसल्या होत्या. नळाचं पाणी त्यांनी मी सांगण्याआधी ओळखलं. "बघ, बघ, नळ चालू ठेवलाय सटवीने!"

शोकसभा सुरू झाल्यावर मी टीव्हीकडे बघणं सोडलं आणि बाईंकडे बघत राहिले. पडद्यातून हात बाहेर आला. शिपायाने बशी सरकवली. बाईंचा चेहरा जराही हलला नाही. अकरा मिनिटं झाल्यावर त्यांनी रिमोट मागितला आणि चित्र थांबवलं.

"माझ्यापेक्षा चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही हा भाग पाहिलाच नव्हता?"

"सीडी आली तीच चरा घेऊन. मला माहीत होतं ते एवढंच, की पुढे शिपाई डबा आणतो. म्हणजे मधे काहीतरी झालं असणार." त्या उठल्या आणि कपाटातून पत्र्याचा डबा काढून एक कार्ड शोधू लागल्या. "आणि तुला त्या दिवशी केक सांगून काय उपयोग झाला असता?"

कार्डावर वर लिहिलं होतं, 'दुसरी सीडी, अकरा मिनिटं, तोंडी.' त्याखाली बारीक पेन्सिलीत सभासदांचे क्रमांक होते. ११, पळते, शिपाई वाट दाखवतो. २६, रडते, शिपाई रुमाल देतो. ४०, सगळ्यांना शिव्या देते, शिपाई हसतो. बाईंनी प्रत्येकाला वेगळी अकरा मिनिटं सांगितली होती, आणि एकाला दोनदा वेगळं सांगितलं जाऊ नये म्हणून नोंद ठेवली होती. फोरमन सव्वीस नंबरचे होते. रडणारी मुलगी त्यांना का लागली असेल, ते बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझा नंबर चौतीस होता. '३४, बोलते, शिपाई ऐकतो.' पुढे त्याच पेन्सिलीत, 'पास.'

आत पहिली शिट्टी झाली.

"बाई," मी म्हणाले.

"हं."

"मी बोलले नव्हते."

मी पुढे सांगत गेले, उभी राहूनच. मधली सुट्टी, रिकामा वर्ग, डस्टर, चिठ्ठी. दुसरी शिट्टी झाली तेव्हा मी जिना उतरून पळत होते.

"चिठ्ठीवर नाव घातलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"हो."

"स्वतःचं?"

"हो."

"हजेरी लागली?"

"लागली."

"आणि हे मला सांगायला किती वर्षं लागली?"

"पंधरा."

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. मला वाटलं, आता त्या 'बोलते' खोडणार. त्यांनी ते खोडलं नाही. त्याच्या पुढे उरलेल्या जागेत बारीक अक्षरात 'उशिरा' असं लिहिलं, कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघितलं आणि डब्यात परत ठेवलं.

"मग पास?" मी विचारलं.

"दुरुस्तीनंतर पास," बाई म्हणाल्या. "आणि आत जाऊन गॅस बंद कर. तिसरी होईल आता."